टाऊनशिप आली, गावाचं गावपण राहिलं का? गावठाण, पाणंद आणि ओपन स्पेसचे नियम

छत्रपती संभाजीनगर : 'राहता कुठं?' असं विचारलं की जुन्या शहरातला माणूस पुऱ्याचं नाव सांगतो. पदमपुरा, बेगमपुरा, उस्मानपुरा. सिडकोतला माणूस मात्र आकडा सांगतो, एन-6, एन-7. वस्ती वसवण्याच्या दोन पद्धतींतला हा फरक आहे. मुघल काळात सरदारांच्या तळाभोवती पुरे वसले. कर्णपुऱ्याचं नाव बिकानेरच्या कर्णसिंहांवरून पडलं आणि तिथल्या देवीची नवरात्रातली यात्रा आजही जिल्ह्याला ठाऊक आहे.

सिडकोने 1972 पासून कागदावर आखून शहर वसवलं आणि 2006 मध्ये ते महापालिकेकडे दिलं. रो-हाऊसवर लोकांनी मजले चढवले, खाली शटर लावली. नियोजनवाले याला नाक मुरडतात. पण मूळ नकाशात मैदानं आणि चालत जाता येईल असा बाजार होता, म्हणून तर त्या वस्तीला चेहरा आला.

खरी अडचण शहरालगतच्या गावांची आहे. सातारा-देवळाई 2015 मध्ये महापालिकेत आली. खंडोबाचं सातारा गाव आता प्लॉटिंगने वेढलंय. शेंद्रा, बिडकीन, वाळूज पट्ट्यातही तेच चित्र दिसतं.

गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही. बांधकाम परवानगी मात्र लागते. त्यामुळे ले-आऊट थेट गावाच्या वेशीला येऊन भिडतात. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रित नियमावलीनुसार 4 हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ही ओपन स्पेस बऱ्याचदा नाल्याकडेच्या कोपऱ्यात ढकलली जाते. पार, मारुतीचं देऊळ किंवा शाळा यांना लागून ती मागितली तर जुन्या-नव्या वस्तीला एकच अंगण मिळतं. नकाशा मंजूर व्हायच्या आधी हे बोललं तरच उपयोग आहे.

पाणंद रस्त्याचं तर विचारूच नका. कंपाऊंडची भिंत आली की बैलगाडीची वाट बंद. पाणंद सातबाऱ्यावर सहसा सापडत नाही, ती गाव नकाशावर पाहावी लागते. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढून ले-आऊटशी ताडून बघावी. वाट अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. तो अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि इथंच बरेच जण चुकतात. आपसात मिटेल म्हणून वर्षभर थांबतात.

विकास आराखड्याचं प्रारूप जाहीर झालं की हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. हरकत लेखी द्यावी, सोबत गट नंबर आणि नकाशाची प्रत जोडावी, पोच घ्यावी. पुढे नियोजन समितीसमोर सुनावणी होते. 'आमच्या गावावर अन्याय झाला' एवढंच लिहिलेल्या अर्जाला तिथं फारसं वजन नसतं. 'गट नंबर अमुकमधली यात्रेची जागा निवासी दाखवली आहे, ती मोकळी ठेवावी' असं नेमकं लिहिलं तर समितीला त्यावर निर्णय घेता येतो. ग्रामसभेचा ठराव जोडला तर अर्ज एकट्याचा राहत नाही.