पैसा आटला, पट्टा कुठे आहे?

सरकारकडे पैसा नाही, आता वस्त्यांचा पुनर्विकास बिल्डरच करतील, असे आम्हाला सांगितले जाते. मुंबईत बिल्डर झोपडीवाल्याला फुकट घर देतो, कारण उरलेले फ्लॅट विकून तो कितीतरी पट वसूल करतो. नांदेड-लातूरच्या जमिनीला तो भाव नाही. इथे बिल्डर आला तर रस्त्याकडेच्या वस्तीपुरता येईल. मागच्या गल्ल्यांचे काय?

या वस्त्या कशा वसल्या, ते आधी आठवू. १९७२ च्या दुष्काळाने काही कुटुंबे शहरात आणली. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले, गावोगावी आपली घरे जाळली गेली. तिथून जीव घेऊन निघालेले लोक शहरांच्या कडेला, नाल्याकाठी राहिले. जळत्या घरातून कोण कागद घेऊन निघतो? पण पुढे सरकारने त्यांच्याकडेच पुरावा मागितला. झोपडीच्या संरक्षणासाठी आधी १९९५ ची तारीख, मग २००० ची!

डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची नेहरू नागरी पुनरुत्थान योजना आली. नांदेड तिच्यात बसले ते तीर्थक्षेत्र म्हणून. २००८ ला गुरू-ता-गद्दीची त्रिशताब्दी होती. आपल्या वस्त्यांकडे बघून कुणी निवड केली नव्हती. तरी पैसा आला. लहान शहरात गरिबांच्या घरांचा ८० टक्के वाटा केंद्राचा, अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याचा १० टक्के. अनेक वस्त्यांत लोकांनी आहे त्याच जागेवर, वस्ती न मोडता पक्की घरे बांधली. लातूर त्या यादीत नव्हते.

२०१५ ला पंतप्रधान आवास योजना आली आणि हिशेब बदलला. स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. खर्चातला वाटा गेला, ठरीव रक्कम आली. सिमेंट-लोखंड महागले की वाढीव बोजा घरच्या बाईच्या दागिन्यांवर. वर पहिला प्रश्न : जागा कुणाच्या नावावर? रमाई आवासलाही हाच प्रश्न. म्हणजे १९७८ ला पळून आलेला इथेही दारातच अडतो.

निधीची आणखी एक गोष्ट. सामाजिक न्याय खात्याचा पैसा लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याची तक्रार २०२५ मध्ये खुद्द खात्याच्या मंत्र्यांनीच केली. शेजारच्या तेलंगण आणि कर्नाटकात या निधीसाठी कायदा आहे.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये सरकारी पडीक जमीन अस्पृश्यांच्या वसाहतींसाठी वेगळ्या आयोगाकडे द्या, अशी मागणी केली होती. अनुदानाच्या आधी जमीन, हा तो क्रम. आम्ही मात्र वर्षानुवर्षे हप्त्यासाठी महापालिकेच्या पायऱ्या झिजवल्या आणि पट्ट्याचा मोर्चा पुढे ढकलला. ही चूक आमचीही आहे.

पट्टा दिला की लोक विकून टाकतात, असे अधिकारी म्हणतात. मग पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करा. फ्लॅटवाल्याला घर विकायची मुभा आहे, त्याच्या इमानदारीची चौकशी कुणी करत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीला अनुदानाचे अर्ज नंतर भरू. आधी आपली वस्ती महसूलच्या जागेवर आहे, महापालिकेच्या की खाजगी, आणि झोपडपट्टी म्हणून घोषित झाली आहे का, याचे कागद काढू.