शिरूर व दौंड

पुणे जिल्ह्याच्या पूर्व कडेचे, एकमेकांना लागून असलेले दोन तालुके. बऱ्याच अंतरापर्यंत भीमा हीच त्यांची सीमा. तिच्या उत्तरेस शिरूर, दक्षिणेस दौंड. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते. कुकडी व घोड या नद्यांपलीकडे अहिल्यानगर जिल्हा लागतो. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे टाकळी हाजी व निघोज या दोन्ही काठांवरून पाहता येतात.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. माळावर मुरमाड जमीन, नदीकाठी काळी. २०११ च्या जनगणनेत शिरूरची लोकसंख्या ३,८५,४१४ व दौंडची ३,८०,४९६ होती. शिरूरमध्ये दर चौ. किमी.ला अडीचशेच्या आसपास माणसे, तर जिल्ह्याची सरासरी सहाशेवर. तरीही जिल्ह्यातला खरा विरळ तालुका सह्याद्रीतला वेल्हे (आताचा राजगड): तेथे पाऊस धो धो, वस्ती अवघी ५४,५१६. तेव्हा येथील वस्तीचा हिशेब पावसावर मांडून चालत नाही; तो नदी, पाट आणि रस्ता यांवरच मांडावा लागतो.

हा हिशेब जुना आहे. शिरूर तालुक्यात घोडेच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० पासूनचे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव तेथे उजेडात आले. पाण्यासाठी पाट, धान्याचे कोठार आणि शेजारी पाच खोल्यांचे घर. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या, फुगीर पोटाच्या कच्च्या मातीच्या रांजणात एक पुरुष बसवून पुरलेला होता. गावातल्या इतर प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडून दफन करीत. याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा, हा अभ्यासकांचा तर्क पटण्यासारखा आहे. पुढे हवामान कोरडे होत गेले, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव उठले.

पुढच्या काळातही कोरडवाहू शेती म्हणजे सावकाराचे कर्ज. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांपूर्वी शिरूर तालुक्यातील करडे येथे सावकारावर गावाने बहिष्कार घातला होता. आज खडकवासल्याचा कालवा दौंडमधून जातो. चासकमान व डिंभे धरणांचे पाणी शिरूरला मिळते. त्यामागोमाग ऊस आला. केडगाव परिसरात गुऱ्हाळे आहेत. चुलवाणात चिपाडांचा जाळ, वर काहिलीत रटरटणारा रस. शिरूरकडे उसाच्या फडात बिबट्याही मुक्कामाला आला आणि रात्रीच्या पाळीने पाणी धरणे धोक्याचे झाले.

शिरूर गाव लोकांच्या तोंडी अजून घोडनदीच. पुणे–नगर रस्त्यावरचे हे गाव इंग्रजी अमदानीत लष्करी छावणीचे ठाणे होते. दौंडला मोठे केले ते रेल्वेने: सोलापूरकडे जाणाऱ्या मार्गावर १८७८ मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेला. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे परप्रांतीय कामगारांची भर पडली. अष्टविनायकांपैकी महागणपती रांजणगावचा. संभाजी महाराजांची समाधी वढू बुद्रुक येथे. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी असते तेव्हा गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. तालुके शेजारी असले तरी लोकसभेसाठी दौंड बारामती मतदारसंघात मोडतो, शिरूर त्याच नावाच्या स्वतंत्र मतदारसंघात.