‘तोस्का’: एक गायिका, दोन ध्वनिमुद्रणे

पुच्चिनीचा ‘तोस्का’ हा ऑपेरा १४ जानेवारी १९०० रोजी रोममध्ये प्रथम सादर झाला. मारिया कॅलास यांनी तो स्टुडिओत दोनदा ध्वनिमुद्रित केला. १९५३ चे मिलानमधील मुद्रण मोनो, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीचे. वाद्यवृंदसंचालक व्हिक्टर दे साबाता. १९६४ चे पॅरिसमधील मुद्रण स्टिरिओ. संचालक जॉर्ज प्रेत्र. खलनायक स्कार्पियाच्या भूमिकेत दोन्हींत तितो गोब्बीच. दुसऱ्या मुद्रणात वाद्ये डावी-उजवीकडून वेगवेगळी ऐकू येतात. पण तोवर कॅलास यांचा आवाज वरच्या स्वरांवर डळमळू लागला होता. म्हणून बहुतेक जाणकार आजही जुन्या मोनो मुद्रणालाच पसंती देतात. तंत्र अकरा वर्षांत पुढे गेले. गळा मात्र थांबला नाही. ध्वनिमुद्रण हा त्या-त्या वर्षाचा पुरावा असतो. दोन्ही ऐका, मग आपले मत ठरवा.