मॉर्मन मिशनरी

मॉर्मन मिशनरी म्हणजे ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या ख्रिस्ती संप्रदायाचा ठरावीक मुदतीसाठी विनावेतन धर्मप्रचार करणारा स्वयंसेवक होय. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात या संप्रदायाची स्थापना केली. त्याचे मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्याच्या धर्मग्रंथावरून अनुयायांना ‘मॉर्मन’ म्हणण्याचा प्रघात पडला. २०१८ पासून मात्र संस्था आपले पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरते. बहुसंख्य मिशनरी नुकतेच शालेय शिक्षण संपवलेले तरुण-तरुणी असतात. पांढरा सदरा, टाय आणि छातीवरील काळी नामपट्टी अशा वेशातील दोन तरुण ही या संप्रदायाची जगभर ओळख बनली आहे.

इतिहास

संस्थापकांचे धाकटे बंधू सॅम्युएल स्मिथ यांनी १८३० च्या उन्हाळ्यात धर्मग्रंथाच्या प्रती घेऊन गावोगाव प्रवास केला. त्यांना या परंपरेतील पहिले मिशनरी मानतात. १८३७ मध्ये हेबर किंबॉल यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडमध्ये कार्य सुरू झाले. भारतात मिशनरी १८५१ मध्ये कोलकात्यास पोहोचले. १८५२ मध्ये ह्यू फिंडले मुंबईस आले व पुढे पुण्याच्या लष्करी छावणीत त्यांनी प्रचार केला. परंतु अल्पकाळातच हे कार्य थांबले. १९९३ मध्ये बंगळूर येथे स्वतंत्र मिशनची स्थापना झाली.

जपानमधील कार्य १९०१ मध्ये सुरू झाले. पहिल्या चौघांपैकी अल्मा टेलर हे तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते. ते आठ वर्षांहून अधिक काळ तेथे राहिले, जपानी भाषा शिकले आणि त्यांनी केलेले ‘बुक ऑफ मॉर्मन’चे जपानी भाषांतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही १९२४ मध्ये मिशन बंद झाले तेव्हा तेवीस वर्षांत बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या दोनशेपेक्षाही कमी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये ते पुन्हा सुरू करण्यात आले.

निवड व प्रशिक्षण

पुरुषांसाठी सेवेचा काळ २४ महिन्यांचा, तर स्त्रियांसाठी १८ महिन्यांचा असतो. किमान वय २०१२ मध्ये पुरुषांसाठी १९ वरून १८ आणि स्त्रियांसाठी २१ वरून १९ करण्यात आले. त्यामुळे मिशनऱ्यांची एकूण संख्या सुमारे ५८,००० वरून दोन वर्षांत ८०,००० च्या पुढे गेली. स्त्रियांचा सहभाग विशेष वाढला.

इच्छुकाची मुलाखत स्थानिक धर्माधिकारी घेतात. कोणत्या देशात जायचे हे मात्र उमेदवाराला निवडता येत नाही. तो निर्णय संस्थेचे सर्वोच्च नेते घेतात. पूर्वी नेमणुकीचे पत्र टपालाने येई व सारे कुटुंब एकत्र जमून ते उघडत असे. आता ते संगणकावर मिळते.

नेमणुकीनंतर प्रशिक्षण असते. युटातील प्रोव्हो येथील केंद्र सर्वांत मोठे असून तेथे पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात. नवी भाषा शिकणाऱ्यांचे प्रशिक्षण साधारणतः सहा ते नऊ आठवड्यांचे असते. एवढ्या शिदोरीवर परक्या देशात पोहोचलेल्या तरुणाची खरी भाषा रस्त्यावर, दुकानांत आणि लोकांच्या घरी बोलूनच घडते.

दिनक्रम

मिशनऱ्याचा दिवस नियमांनी बांधलेला असतो. पारंपरिक वेळापत्रकानुसार सकाळी ६.३० वाजता उठून व्यायाम, न्याहारी, त्यानंतर एकट्याने व मग जोडीदारासह धर्मग्रंथांचे वाचन, आणि भाषेचा अभ्यास असा क्रम असतो. सकाळी दहाच्या सुमारास कामासाठी बाहेर पडून रात्री नऊपर्यंत घरी परतायचे आणि १०.३० वाजता झोपायचे. २०१७ पासून स्थानिक परिस्थितीनुसार यात बदल करण्याची मुभा मिळाली.

मिशनरी नेहमी जोडीने राहतात. जोडीदार आपण निवडायचा नसतो, आणि त्याच्या दृष्टीआड जायचे नसते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जोड्या बदलतात व गावेही बदलतात. पुरुषांना ‘एल्डर’ व स्त्रियांना ‘सिस्टर’ असे आडनावापूर्वी संबोधतात. सेवाकाळात पहिल्या नावाने हाक मारत नाहीत. प्रेमसंबंध, चित्रपट व बहुतेक करमणुकीची साधने वर्ज्य असतात.

आठवड्यातील एक दिवस, बहुधा सोमवार, ‘तयारीचा दिवस’ असतो. कपडे धुणे, बाजारहाट, केस कापणे आणि घरच्यांना पत्र लिहिणे ही कामे त्या दिवशी उरकतात. पूर्वी घरी दूरध्वनी करण्याची परवानगी वर्षातून केवळ दोनदा, नाताळ व मातृदिन या दिवशी, मिळत असे. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्यातून एकदा घरच्यांशी बोलता येते.

कार्यपद्धती

घरोघर जाणे, रस्त्यात लोकांशी बोलणे, सदस्यांनी सुचवलेल्यांना भेटणे आणि अलीकडे समाजमाध्यमांतून संपर्क साधणे या प्रमुख पद्धती होत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रीच माय गॉस्पेल’ या मार्गदर्शिकेने ठरावीक शब्दांतील पाठांतराऐवजी श्रोत्याची गरज ओळखून स्वतःच्या शब्दांत शिकवण्यावर भर दिला. बाप्तिस्म्यापूर्वी इच्छुकाला मद्य, तंबाखू, चहा व कॉफीचा त्याग आणि उत्पन्नाचा दशांश दान करणे इत्यादी व्रतांचा स्वीकार करावा लागतो. मिशनऱ्यालाही चहा वर्ज्य असतो. त्यामुळे ज्या देशांत पाहुण्यापुढे चहा ठेवणे हेच आतिथ्य समजले जाते, तेथे यजमानाचे मन न दुखवता नकार देणे ही त्याची नित्याची परीक्षा ठरते.

जगात चारशेहून अधिक मिशन असून प्रत्येकाचा कारभार एक अध्यक्ष सपत्नीक तीन वर्षे पाहतो. मिशनरी कामाचा आढावा त्याला दर आठवड्याला कळवतात. प्रचाराबरोबर समाजसेवा आणि अनेक देशांत इंग्रजी संभाषणाचे विनामूल्य वर्गही चालवले जातात.

खर्चाचा भार मिशनरी व त्याचे कुटुंब उचलते. स्वस्त व महाग देशांतील तफावत दूर करण्यासाठी सर्वांकडून समान मासिक रक्कम घेण्याची पद्धत आहे. अमेरिकेतील मिशनऱ्यांसाठी ती जुलै २०२० मध्ये दरमहा ४०० वरून ५०० डॉलर झाली. गरीब देशांतील उमेदवारांना संस्थेच्या निधीतून साहाय्य मिळते.

अडचणी व टीका

दिवसभर दारे ठोठावून नकार ऐकणे हा या कामातील सर्वसामान्य अनुभव होय. पश्चिम युरोप व जपानसारख्या देशांत दोन वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, क्वचित एकही धर्मांतर होत नाही. एकाकीपणा, घरची ओढ व अपयशाची भावना यांमुळे काहींना मानसिक त्रास होतो. मुदतीपूर्वी परतणाऱ्यांना आपल्या समाजात अवघडलेपण सोसावे लागते. ज्यांना प्रकृतीमुळे प्रचार शक्य नाही, त्यांच्यासाठी घरी राहून समाजसेवा करण्याचा पर्याय आहे.

जोखीमही असते. १९८९ मध्ये बोलिव्हियातील ला पाझ येथे दोन मिशनऱ्यांची हत्या झाली. २०१६ मधील ब्रुसेल्स विमानतळावरील बॉम्बस्फोटातही मिशनरी जखमी झाले. रशियात २०१६ च्या कायद्याने प्रचारावर निर्बंध आल्यावर तेथे मिशनऱ्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणून पाठवले जाऊ लागले. कोविड-१९ च्या साथीत २०२० मध्ये हजारो मिशनऱ्यांना मायदेशी परत बोलवावे लागले.

अल्पवयातील कठोर नियंत्रण, कुटुंबाचा व समाजाचा दबाव आणि परक्या संस्कृतीतील धर्मांतराचा प्रयत्न यांवर टीका होते. ‘द बुक ऑफ मॉर्मन’ या २०११ मधील ब्रॉडवे संगीतिकेने युगांडातील दोन मिशनऱ्यांच्या भाबडेपणाचे विडंबन केले आहे.

परतल्यानंतर

धर्मांतरितांची संख्या अल्प असली तरी या सेवेचा मिशनऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यावर दीर्घ परिणाम होतो. अमेरिकी राजकारणी मिट रॉमनी यांनी १९६६ ते १९६८ या काळात फ्रान्समध्ये तीस महिने सेवा केली. द्राक्षसंस्कृतीच्या देशात मद्यत्यागाचा उपदेश करताना त्यांनाही वारंवार नकार सोसावा लागला. जून १९६८ मध्ये ते चालवत असलेल्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली. त्या अपघातात त्यांच्या मिशन अध्यक्षांच्या पत्नीचा मृत्यू झाला. प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी दुसरी भाषा बोलतात. यामागे मुख्यतः मिशनसेवाच आहे. सामाजिक दृष्ट्या ही सेवा प्रौढत्वात प्रवेश करण्याचा संस्कार ठरते आणि संप्रदायातील पुढील नेतृत्व बव्हंशी याच अनुभवातून तयार होते.