तंजावरचे मंदिर, राजवाडा व दप्तर : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
ऐतिहासिक नगरास भेट देणे हे इतिहासाध्ययनाचे एक महत्त्वाचे साधन मानले जाते. तथापि शैक्षणिक सहलींत वास्तू पाहिली जाते, वाचली जात नाही. या दृष्टीने तंजावर हे नगर विचारास प्रवृत्त करणारे आहे. चोळांची ही प्राचीन राजधानी पुढे नायकांची व 1675-76 च्या सुमारास व्यंकोजीराजांच्या रूपाने मराठ्यांची झाली. येथील मंदिर, राजवाडा व ग्रंथालय यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय तंजावरच्या मराठी राजवटीचे स्वरूप उलगडत नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बृहदीश्वर मंदिर :
राजराज चोळ पहिला याने बांधविलेले हे मंदिर इ. स. 1010 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवरील तमिळ लेखांत दानांचे तपशील व सुमारे चारशे देवदासींच्या नेमणुकांची नोंद आहे. याच मंदिराच्या आवारात 1803 मध्ये मराठी भाषेत व देवनागरी लिपीत भोसले घराण्याचा इतिहास कोरण्यात आला. 1799 च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांच्या हातून राज्यकारभार इंग्रजांकडे गेला होता. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत वंशाचा इतिहास दगडावर कोरविला जावा, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. सत्ता गेलेल्या राजाने स्मृती सुरक्षित करण्याचा केलेला हा प्रयत्न असावा, असे अनुमान करता येते.

राजवाडा :
राजवाड्याचा मूळ भाग नायकांचा असून मराठ्यांनी त्यात भर घातली. त्यामुळे त्यास केवळ 'मराठ्यांचा वाडा' म्हणणे अपुरे ठरते. रंगीत खांब व कमानी असलेला दरबार महाल मराठी वैभवाची साक्ष देतो. परंतु सरफोजीराजांचे मोठेपण दरबारापेक्षा त्यांच्या विद्याव्यासंगात दिसते. वैद्यकाच्या अभ्यासासाठी त्यांनी धन्वंतरी महाल स्थापिला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवनागरी छपाईही सुरू केली.

सरस्वती महाल :
राजवाड्याच्या आवारातील हे ग्रंथालय नायककाळापासूनचे असून सरफोजीराजांनी ते विशेष समृद्ध केले. 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले व संस्थान खालसा झाले. ग्रंथसंग्रह मात्र टिकला आणि 1918 मध्ये तो जनतेसाठी खुला झाला. येथे संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखिते आहेत. तंजावर दरबाराच्या कारभाराची मोडी कागदपत्रेही मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहेत. राजांचा इतिहास भिंतीवर आहे. वैद्य, कारकून, कलावंत व रयत यांच्या व्यवहाराचा मागोवा मात्र या कागदांतूनच घ्यावा लागतो. दगडावरचा लेख बाळबोध असल्याने आजही वाचता येतो; मोडी वाचणारे मात्र विरळ होत चालले आहेत. कागद शिल्लक आणि वाचक नाहीसा, अशी अवस्था येणे म्हणजे दप्तर नष्ट होण्यासारखेच आहे.

निष्कर्ष :
तंजावरमध्ये चोळ, नायक व मराठे यांनी एकमेकांच्या खुणा पुसल्या नाहीत. त्यांत आपली भर घातली. हा समन्वय समजून घेण्यासाठी वास्तुदर्शनास लेखवाचनाची जोड आवश्यक आहे. महाविद्यालयांनी अशा सहलीपूर्वी विद्यार्थ्यांना मोडीची किमान ओळख करून दिल्यास राजवाडा केवळ छायाचित्रापुरता उरणार नाही.