मंदिरविषयक कोशनोंदींचे मूल्यमापन

कोशात, गॅझेटियरमध्ये वा स्थलवर्णनात मंदिराविषयी आलेली माहिती कोणत्या प्रमाणांवर आधारलेली आहे, याची ऐतिहासिक दृष्टीने केलेली तपासणी. मंदिर हे उपासनेचे स्थान, वास्तुकृती आणि दानधर्माचे निमित्त असे तिन्ही असते. त्यामुळे त्याच्या वर्णनात श्रद्धा, आख्यायिका, शैलीची लक्षणे व कोरीव लेख यांची सरमिसळ सहज होते. ही सरमिसळ कितपत टाळली आहे, यावर नोंदीचा दर्जा ठरतो. सांगली जिल्ह्यातील कुंडल आणि त्याच्या जवळचे देवराष्ट्रे-सागरेश्वर हा परिसर या दृष्टीने उद्बोधक आहे.

या परिसराविषयीची माहिती शोधताना प्रथम शासकीय विभागणी ध्यानात घ्यावी लागते. इंग्रजी अमलात कुंडल औंध संस्थानात होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर ते दक्षिण सातारा जिल्ह्यात आले व १९६० मध्ये त्याच जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे एकाच परिसराची माहिती सातारा (१८८५) व सांगली (१९६९) अशा दोन जिल्ह्यांच्या गॅझेटियरांत विभागलेली असते. केवळ एकच खंड पाहून केलेली नोंद अपुरी राहण्याचा संभव असतो.

नामसाधर्म्यावरून इतिहास सांगण्याचा मोह ही दुसरी अडचण. कुंडलचे प्राचीन नाव कौंडण्यपूर होते, असे तेथील क्षेत्रपरंपरा मानते. तथापि जवळपास याच नावाचे, रुक्मिणीच्या कथेशी जोडलेले कौंडिण्यपूर विदर्भात वर्धा नदीकाठी आहे. परंपरा नोंदविणे आवश्यक आहे. परंतु ती परंपरा म्हणूनच नोंदविली पाहिजे. देवराष्ट्रे या नावाची कथा अधिक बोलकी आहे. समुद्रगुप्ताच्या (इ. स. चौथे शतक) प्रयाग येथील स्तंभलेखात देवराष्ट्राच्या कुबेर या राजाचा उल्लेख आहे. हे देवराष्ट्र म्हणजे महाराष्ट्र असे काही अभ्यासकांनी मानले होते आणि त्याचा संबंध सातारा भागातील या गावाशीही जोडला गेला. पुढे पूर्व चालुक्यांच्या ताम्रपटात एलमंची हा भाग देवराष्ट्र प्रदेशात असल्याचा निर्देश आढळला व ते ठिकाण आंध्र प्रदेशाच्या किनारपट्टीवर निश्चित करण्यात आले. एका ताम्रपटाने येथे केवळ नावावर उभारलेले अनुमान बाजूस सारले.

सागरेश्वर येथील मुख्य शिवालय व त्याभोवतीची लहान मंदिरे सातवाहनकालीन असल्याचे अनेकदा सांगितले जाते. या विधानात तीर्थाचे वय व वास्तूचे वय एकत्र झाले आहे. महाराष्ट्रात सातवाहन काळातील जे धार्मिक वास्तुविशेष टिकून आहेत, ते प्रामुख्याने डोंगरात खोदलेली बौद्ध लेणी होत. कराडजवळची लेणी याच प्राचीन परंपरेतील आहेत. दगडात बांधलेली व आज उभी असलेली दख्खनमधील मंदिरे बरीच नंतरची असून त्यांचा आरंभीचा विकास बादामी-ऐहोळे परिसरात इ. स. सहाव्या शतकाच्या सुमारास दिसतो. स्थान प्राचीन असू शकेल. त्यावरून आजची वास्तू तितकीच प्राचीन ठरत नाही.

याच प्रकारची गफलत ‘हेमाडपंती’ या संज्ञेने केली आहे. चुन्याशिवाय, घडीव दगड एकमेकांत बसवून बांधलेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या मंदिराला ती लावली जाते. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध होय. पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या लेखात (१२७३–७७) त्याचा निर्देश येतो. याउलट अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेख शके ९८२ (इ. स. १०६०) चा, म्हणजे त्याच्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षांचा आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातील सिंघण यादवाचा लेख शके ११३६ (इ. स. १२१३–१४) चा असून तोही हेमाद्रीच्या मंत्रिपदाआधीचा आहे. म्हणून ही संज्ञा लोकरूढ नाव म्हणून देता येते, कालनिर्देश म्हणून नव्हे. अंबरनाथसारख्या मंदिराच्या शिखराचे वर्णन ‘भूमिज’ या शिल्पशास्त्रातील संज्ञेने केल्यास वाचकास रचनेची निश्चित कल्पना येते.

मंदिरे एका दमात उभी राहिलेली नसतात. जुन्या दगडी गाभाऱ्यावर मराठा काळात विटा-चुन्याचे शिखर चढविल्याची उदाहरणे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. गाभारा, मंडप, शिखर व दीपमाळ यांचे काळ वेगवेगळे असल्यास नोंदीतही ते वेगळे दिले पाहिजेत. संगम माहुलीचे विश्वेश्वर मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधले, असे म्हणता येते, तेव्हा कर्ता व काळ दोन्ही स्पष्ट होतात. जेथे हे शक्य नाही, तेथे शतकाचा अंदाज व त्याचे कारण देणे इष्ट.

कुंडलमध्ये आणखी एक कसोटी लागते. हे गाव कलिकुंड, झरी व गिरी पार्श्वनाथ यांमुळे जैनांचे मान्यताप्राप्त क्षेत्र आहे. केवळ हिंदू मंदिरांची यादी करणाऱ्या नोंदीतून गावाचे हे मुख्य वैशिष्ट्यच निसटते. मूर्ती ओळखतानाही सावधगिरी हवी. मस्तकावरील नागफणा हे पार्श्वनाथाचे प्रसिद्ध लक्षण असले, तरी सुपार्श्वनाथाच्या मूर्तीवरही फणा असतात. म्हणून लांछन, आसन, परिवारमूर्ती व पादपीठावरील लेख यांची एकत्रित साक्ष घ्यावी लागते.

सारांश, चांगली नोंद स्थानाचे पावित्र्य, वास्तूचा काळ आणि आख्यायिका यांना आपापल्या जागी ठेवते व प्रत्येक विधानाचा आधार सांगते. याचे महत्त्व केवळ विद्वत्तेपुरते नाही. कोशातले वाक्य मंदिराच्या फलकावर आणि पाठ्यपुस्तकात जाते व गाव त्यालाच आपला इतिहास मानू लागते. जीर्णोद्धारात जुन्या भिंतींवर रंगाचे थर व फरशा बसल्या, म्हणजे कोरीव लेख आणि बांधकामाचे सांधे दिसेनासे होतात व चुकीचे विधान तपासण्याचा मार्गही बंद होतो. अशा वेळी मूळ वास्तूचे मोजमाप, छायाचित्रे व लेखांचे ठसे यांसह काळजीपूर्वक केलेली नोंद हाच पुढील अभ्यासकांना उपलब्ध राहणारा पुरावा होय.