मुलाला थायरॉईडची गोळी सुरू झाली? केस गळतात, चिडचिड वाढली म्हणून परस्पर बंद करू नका

भंडारा : लेकराची उंची वाढेना, चेहरा सुजट दिसतो, थंडी सोसत नाही, शौचाला कडक होते, वर्गात पेंगते. अशा तक्रारी घेऊन आईवडील दवाखान्यात जातात आणि रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला निघतो. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कमी काम करते, म्हणजेच हायपोथायरॉईड. शरीर जे हार्मोन पुरेसे बनवत नाही, तेच लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीतून रोज द्यायचे, एवढाच हा इलाज. गोळी महागही नाही. घरचे गोंधळतात ते ती सुरू झाल्यावर.

पहिल्या काही महिन्यांत काही मुलांचे केस जास्त गळतात. आजवर गप्प बसणारे पोर धावायला, वाद घालायला लागते, अभ्यासात लक्ष कमी लागते, झोप मोडते. मग शेजारपाजारचे म्हणतात, "गोळी गरम पडली", आणि डबी फळीवर जाते. खरे तर मंदावलेले शरीर पुन्हा वेग घेत असते. केसांचे गळणे बहुधा आपोआप थांबते, स्वभावही काही महिन्यांत जागेवर येतो. वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवले तर पोराला उगाच बोलणी बसत नाहीत.

मात्र छातीत धडधड, हात थरथरणे, जुलाब, खूप घाम, वजन घटणे ही लक्षणे दिसली तर डोस जास्त होत असू शकतो. घरीच गोळी अर्धी न करता डॉक्टरांना दाखवून टीएसएच तपासावा. उपचाराच्या सुरुवातीला क्वचित एखाद्या मुलाचे डोके सतत दुखते, उलट्या होतात, अंधुक दिसते. असे झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गोळी कधी द्यावी?

सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, दूध, नाश्ता नको. रोवणीच्या दिवसांत आईवडील उजाडायच्या आत बांधीत जातात आणि गोळी नेमकी तेव्हाच चुकते. घरात आजी असेल तर काम तिच्याकडे द्यावे. तेही जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी दिली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. वेळ कोणतीही ठरो, ती रोज तीच असावी.

शाळेत मिळणारी लोहाची गोळी, लहानांची गुलाबी आणि १० वर्षांपुढच्यांची निळी, थायरॉईडच्या गोळीला आतड्यात अडवते. कॅल्शियमचेही तसेच. दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी बंद करण्याची गरज नाही. सोयाबीन वडीही गोळीच्या वेळेपासून दूर ठेवावी. कोबी-फुलकोबीची एवढी भीती नको, शिजवलेली भाजी बेताने खाल्ली तर काही बिघडत नाही. आयोडीनयुक्त मीठ घरात हवेच, पण गोळीची जागा मीठ घेत नाही.

मे महिन्यात टिनाच्या छपराखाली घर भट्टीसारखे तापते. गोळ्यांची बाटली तिथे, चुलीजवळ किंवा गाडीच्या डिक्कीत राहू देऊ नये. उष्णता, ऊन आणि ओल यांनी औषधाचा जोर कमी होतो. घट्ट झाकणाची बाटली घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवावी.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर एक दिवसही वाया घालवू नये. जन्मजात थायरॉईड साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला असतो, आणि पहिल्या तीन वर्षांत उपचार नीट झाला नाही तर बुद्धीची वाढ कायमची खुंटू शकते. गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात द्यावी. बाटलीत मिसळू नये, बाळाने दूध अर्धवट सोडले तर डोसही अर्धाच जातो. वजन वाढते तसा डोस बदलतो, म्हणून पहिल्या सहा महिन्यांत दर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासतात. मोठ्या मुलांत डोस बदलल्यावर दीड-दोन महिन्यांनी, पुढे चार ते सहा महिन्यांनी.

काही मुलांत उलटे होते. ग्रंथी जास्त काम करते, डोळे मोठे दिसतात, भरपूर खाऊनही वजन उतरते. त्यांना कार्बिमाझोल देतात. या गोळीवर असताना ताप आणि घसादुखी झाली तर साधी सर्दी समजून घरी थांबू नये. क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोक्याइतक्या कमी होतात. पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठून रक्त तपासावे. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे यालाही हाच नियम. अंगावर पुरळ किंवा खाज आली तरी डॉक्टरांना कळवावे.

पोर आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात असेल तर गोळ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स अधीक्षकांकडे द्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. तपासणी करून ते पुढे पाठवू शकते. मोठ्या डॉक्टरांसाठी नागपूरला जायचे झाल्यास आधीचे सगळे टीएसएच रिपोर्ट तारखेनुसार एका पिशवीत न्यावेत. डोस ठरवताना मागचे आकडे लागतात. गोळ्या संपायच्या दहा दिवस आधीच पुढची बाटली घरात असावी.